यंत्रांची हजेरी

या लेखाचा आरंभ आम्हांस आमच्याच एका चुकीच्या कबुलीनें करावा लागत आहे. शाळेच्या कचेरींत लिनक्स प्रणालीवर चालणारा एक संगणक आहे. गेल्या दिवाळीपर्यंत त्यास बाहेरून दोन हार्ड डिस्क जोडलेल्या असत. एकींत तीन वर्षांच्या स्नेहसंमेलनांचीं, सहलींचीं व क्रीडासामन्यांचीं छायाचित्रें सांठविलेलीं होतीं. दुसरी जुनी असून ती कोरी करून प्रयोगशाळेस द्यावयाची होती. संगणकाशेजारच्या भिंतीवर आम्हींच एक चिठी चिकटविली होती. तिजवर लिहिलें होतें, 'एसडीबी म्हणजे जुनी डिस्क, एसडीसी म्हणजे छायाचित्रांची डिस्क.' सुट्टींत कचेरीस रंग लावावयाचा म्हणून संगणक हलविला गेला, तारा सोडविल्या गेल्या व काम आटोपल्यावर पुन्हा जोडल्या गेल्या. पुढें एके दिवशीं चिठीवर विसंबून आम्हीं एसडीबी पुसून टाकण्याची आज्ञा दिली. संगणकानें ती निमूटपणें पाळली. पुसली गेली ती छायाचित्रांची डिस्क!

ही हकीकत कानीं पडतांच अनेक पालकांनीं आपापल्या फोनमधील छायाचित्रें पाठविलीं व त्यामुळें बराच संग्रह पुन्हा उभा राहिला; त्यांचे आम्ही ऋणी आहों. परंतु ज्या शिपाईमामांनीं तीस वर्षें या शाळेची घंटा वाजविली, त्यांच्या निरोपसमारंभाचें एकहि चित्र कोणापाशीं निघालें नाहीं. ती हानि भरून येण्यासारखी नाहीं. म्हणूनच ती कशामुळें झाली व पुन्हा होऊं नये यासाठीं आम्हीं काय केलें, हें विद्यार्थ्यांस व पालकांस समजावून सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

चूक संगणकाची नव्हती. चिठीहि खोटी नव्हती. ज्या दिवशीं ती लिहिली, त्या दिवशीं ती खरीच होती. घोटाळा होता तो नांवांत. 'एसडीबी' हें त्या डिस्कचें नांव नव्हतेंच. तो केवळ तिच्या येण्याचा क्रम होता.

विद्यार्थ्यांनीं अशी कल्पना करावी कीं, एका वर्गांत हजेरीपट मुळींच नाहीं. सकाळीं दाराशीं जो मुलगा प्रथम येईल त्यास त्या दिवसापुरतें 'पहिला' म्हणावयाचें, त्याच्या मागून येईल त्यास 'दुसरा' म्हणावयाचें, आणि गुणांच्या वहींतहि हेच शब्द लिहावयाचे. सोमवारीं 'दुसऱ्या'नें गणितांत शंभर गुण मिळविले. मंगळवारीं पावसामुळें त्याची बस चुकली, तो अकरावा आला, आणि त्याचे शंभर गुण भलत्याच मुलाच्या खातीं जमा झाले! शिक्षकांनीं लबाडी केली नाहीं, मुलांनींहि केली नाहीं. पद्धतच वाईट होती. लिनक्स प्रणालीचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तो डिस्कांच्या बाबतींत असेंच करतो. जी डिस्क त्यास प्रथम सांपडेल ती 'एसडीए', दुसरी 'एसडीबी', तिसरी 'एसडीसी'. संगणक सुरू होतांना अनेक उपकरणांचा शोध एकाच वेळीं चाललेला असतो. एखादी डिस्क फिरूं लागण्यास क्षणभर अधिक लागला, किंवा तार निराळ्या खांचेंत बसली, कीं क्रम बदलतो; आणि क्रम बदलला कीं नांवहि बदलतें.

ही पद्धत आली कोठून, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नामक प्रणालीची उभारणी आरंभिली. तींत एक मोठी सोयीची कल्पना होती. छापण्याचें यंत्र असो, कळफलक असो वा डिस्क असो, प्रत्येक उपकरण ही जणूं एक फाईलच आहे असें मानावयाचें. म्हणजे फाईलींत लिहिण्याची जी रीति, त्याच रीतीनें यंत्राकडेहि मजकूर धाडतां येतो. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यानें लिनक्सचा कर्नल प्रसिद्ध केला, तेव्हां हीच रीति त्यानेंहि उचलली. अशा सर्व उपकरण-फाईली 'डेव्ह' नांवाच्या फोल्डरमध्यें राहतात. त्यांच्या पोटांत मजकूर नसतो. असतात ते फक्त दोन क्रमांक. मुख्य क्रमांक हें सांगतो कीं, या उपकरणाचा कारभार कर्नलचा कोणता भाग पाहतो. दुय्यम क्रमांक सांगतो कीं, त्या जातीच्या उपकरणांपैकीं हें कितवें. एसडीबी या डिस्कचे क्रमांक ८ व १६ असे असतात, आणि तिच्या पहिल्या विभागाचे ८ व १७.

आरंभीं या फाईली आगाऊच करून ठेवीत. कोणतें उपकरण केव्हां जोडलें जाईल याचा नेम नसल्यामुळें, जीं जीं उपकरणें जगांत संभवतात त्या सर्वांसाठीं हजारों फाईली 'डेव्ह'मध्यें पडून असत. एखाद्या चाळींत बिऱ्हाडें चार, पण पाट्या मात्र चारशें खोल्यांवर लावलेल्या, तसा हा प्रकार. पाटी आहे म्हणून आंत कोणी राहतें आहे असा भरंवसा नाहीं. शिवाय क्रमांकांचाहि तुटवडा पडूं लागला. कारण त्या काळीं दोहोंपैकीं प्रत्येक क्रमांक ० ते २५५ एवढाच असूं शकत होता. तोंवर यूएसबी उपकरणांचा काळ आला. पेन ड्राईव्ह, कॅमेरे, छापयंत्रें हीं संगणक चालूं असतांनाच येऊं-जाऊं लागलीं, आणि आगाऊ लावलेल्या पाट्यांची व्यवस्था अगदींच अपुरी ठरली.

यावर पहिला उपाय रिचर्ड गूच यांच्या 'डेव्हएफएस'चा. जानेवारी २००१ मध्यें निघालेल्या लिनक्सच्या २.४ या आवृत्तींत तो होता. त्याच्या योगानें जीं उपकरणें खरोखर हजर असतील तेवढ्यांच्याच फाईली दिसूं लागल्या, हा लाभ मोठा होता. परंतु नांवें कशीं द्यावींत हें कर्नलच्या पोटांतच ठरलेलें होतें. त्यांत कांहीं अडचणीहि निघाल्या, आणि २००६ सालीं तो कर्नलमधून काढून टाकण्यांत आला.

मधल्या काळांत दुसरा विचार पुढें आला होता. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं २००३ सालीं 'युडेव्ह' नांवाचा कार्यक्रम लिहिला. पुढें के सीव्हर्स यांनीं त्याचा बराच भार वाहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत निघालेल्या २.६ या आवृत्तींत क्रमांकांची मर्यादाहि वाढली; दुय्यम क्रमांक तर दहा लक्षांवर जाऊं शकूं लागले. युडेव्हच्या मुळाशीं असलेलें तत्त्व थोडक्यांत असें सांगतां येईल: कोण आलें हें कर्नलनें कळवावें, आलेल्यास काय म्हणावयाचें तें घरधन्यानें ठरवावें. नांव ठेवण्याचा अधिकार कर्नलच्या बाहेर, साध्या मजकुराच्या फाईलींत आला, आणि ती फाईल तुम्हां-आम्हांस वाचतां येते व लिहितांहि येते. २०१२ सालीं युडेव्ह हा 'सिस्टिमडी' या मोठ्या प्रकल्पांत सामील झाला, आणि आज बहुतेक लिनक्स संगणकांवर तो आपोआपच काम करीत असतो.

आतां तो काम कसें करतो तें पाहूं. तुम्हीं पेन ड्राईव्ह खांचेंत घातला कीं, कर्नल प्रथम त्याची विचारपूस करतो. कर्ता कोण, नमुना कोणता, अनुक्रमांक काय, हीं उत्तरें तो 'सिस' नांवाच्या फोल्डरमध्यें मांडून ठेवतो. २००९ पासून 'डेव्ह'मधील मूळ फाईलहि कर्नल स्वतःच तयार करतो. मग तो 'अमुक उपकरण आलें' अशी वर्दी देतो. युडेव्हचा सेवक ही वर्दी ऐकण्यासाठीं सदैव जागा असतो. तो नियमांच्या फाईली एकामागून एक वाचतो, उपकरणाचीं लक्षणें नियमांशीं ताडून पाहतो, जरूर तर त्यास चालविणारा भाग कर्नलमध्यें भरवितो, तें कोणी वापरावें याची परवानगी ठरवितो, आणि त्यास आणखी एखादें नांव द्यावयाचें असेल तर तें देतो. हें सारें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतें. उपकरण काढून घेतलें कीं, 'गेलें' अशी वर्दी येते व तीं जादा नांवें पुसलीं जातात.

एक शंका चौकस विद्यार्थ्यांच्या मनांत येईल. संगणक सुरू होतांना जीं उपकरणें आधींपासूनच जोडलेलीं असतात, त्यांची वर्दी ऐकावयास सेवक कोठें असतो? तो तर मागाहून उठतो! खरें आहे. म्हणून तो उठल्यावर कर्नलला सांगण्यांत येतें कीं, आतांपर्यंत आलेल्या सर्वांची वर्दी पुन्हा एकवार द्यावी. शिक्षक उशिरां आले तर वर्गनायक हजेरी पुन्हा म्हणून दाखवितो, तसेंच हें होय.

आतां आम्हीं प्रत्यक्ष काय केलें तें सांगतों. आज्ञांचीं नांवें येथें देवनागरींत दिलीं आहेत. संगणकावर तीं रोमन अक्षरांत लिहावीं लागतात, व तीं तशीं लिहिलेला तक्ता प्रयोगशाळेच्या फळ्याशेजारीं लावून ठेविला आहे.

पहिली पायरी ओळख पटविण्याची. 'युडेव्हअॅडम इन्फो' ही आज्ञा देऊन डिस्कचें नांव सांगितलें, कीं तिचीं सर्व लक्षणें पडद्यावर येतात. त्यांतून असें लक्षण निवडावें कीं जें तिचें एकटीचें आहे व बदलणारें नाहीं. रंग, आकार, किंवा कंपनीचें नांव यांवरून ओळखूं गेल्यास फसगत होईल; कारण त्याच कंपनीची तशीच दुसरी डिस्क उद्यां कोणी आणून जोडील. कारखान्यांत दिलेला अनुक्रमांक हें उत्तम लक्षण. तो आम्हीं कागदावर टिपून घेतला व डिस्कच्या पाठीवरील पट्टीशीं ताडूनहि पाहिला.

दुसरी पायरी नियम लिहिण्याची. संगणकाबरोबर आलेले नियम 'यूएसआर'खालच्या एका फोल्डरमध्यें असतात. त्यांस हात लावूं नये. प्रणालीची नवी आवृत्ति आली कीं तुमचे फेरफार पुसले जातील. आपले नियम 'ईटीसी' या फोल्डरच्या आंत 'युडेव्ह', व त्याच्या आंत 'रूल्स डॉट डी', तेथें ठेवावे. नियमांच्या फाईली नांवांच्या क्रमानें वाचल्या जातात, म्हणून फाईलीच्या नांवारंभीं अंक घालण्याची चाल आहे. डिस्कचा अनुक्रमांक शोधून काढणारा नियम साठाव्या अंकाच्या फाईलींत असतो. आपला नियम त्या क्रमांकावर अवलंबून असल्यामुळें तो त्याच्या मागूनच वाचला गेला पाहिजे. आम्हीं आमच्या फाईलीस ९९ हा अंक दिला.

नियमाची भाषा व्याकरणांतील संकेतार्थासारखी आहे: असें असेल, तर असें कर. आमचा नियम मराठींत सांगावयाचा तर असा होईल: 'उपकरणाचा वर्ग ब्लॉक असेल, आणि त्याचा अनुक्रमांक अमुक असेल, तर त्यास छायाचित्र-भांडार हें जोडनांव दे.' येथें चिन्हांकडे फार लक्ष पुरविलें पाहिजे. बरोबरीचीं दोन चिन्हें लागोपाठ लिहिलीं तर तो प्रश्न होतो: असें आहे काय? एकच चिन्ह लिहिलें तर ती आज्ञा होते: असें कर. अधिक व बरोबर हीं जोडून लिहिलीं तर 'आहे त्यांत भर घाल' असा अर्थ होतो, आणि जोडनांवासाठीं हेंच वापरावयाचें. घाईंत एक चिन्ह गाळलें, तर 'अनुक्रमांक अमुक आहे काय?' असें विचारण्याऐवजीं संगणक तोच अनुक्रमांक प्रत्येक डिस्कच्या माथीं मारील, व प्रत्येक डिस्क छायाचित्र-भांडार या नांवावर हक्क सांगूं लागेल. एका चिन्हानें एवढा अनर्थ!

तिसरी पायरी नियम अमलांत आणण्याची. 'युडेव्हअॅडम कंट्रोल' या आज्ञेनें नियम पुन्हा वाचावयास लावावे, आणि मग डिस्क काढून पुन्हा जोडावी. नियम लागूं होतो तो वर्दी आल्यावरच. चौथी पायरी परीक्षेची, व ती कधींहि टाळूं नये. आम्हीं दोन्ही डिस्कांच्या तारा मुद्दाम उलटसुलट जोडल्या व संगणक पुन्हा सुरू केला. पाहतों तों एसडीबी व एसडीसी यांची अदलाबदल झालेली. परंतु छायाचित्र-भांडार हें नांव मात्र आपल्या खऱ्या धन्यालाच धरून राहिलें होतें. त्या क्षणीं आम्हीं भिंतीवरची चिठी फाडून टाकली.

येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं, डिस्कांपुरतें बोलावयाचें तर युडेव्ह अशीं कायमचीं नांवें आपण होऊनच देत असतो. 'डेव्ह'च्या आंत 'डिस्क' नांवाचें फोल्डर आहे. त्यांत अनुक्रमांकावरून, विभागाच्या खुणेवरून व जोडणीच्या जागेवरून पडलेलीं नांवें तयार असतात. तीं लांबलचक व वाचावयास क्लिष्ट असतात एवढेंच. आम्हीं एकदां तें फोल्डर उघडून पाहिलें असतें, तर हा लेख लिहिण्याचा प्रसंगच आला नसता.

प्रयोगशाळेंत मात्र निराळीच अडचण निघाली. तेथें हवामान मोजणारे दोन छोटे बोर्ड आहेत. एक उष्णता मोजतो, दुसरा हवेंतील ओलावा. दोहोंवर सीएच ३४० जातीची स्वस्त चिप आहे, व तिला स्वतंत्र अनुक्रमांकच नाहीं. जुळे भाऊ एकाच गणवेशांत आले तर शिक्षकांनीं काय करावें? त्यांस ठरलेल्या बाकांवर बसवावें, व बाकावरून ओळखावें. आम्हींहि तेंच केलें. कोणत्या खांचेंत कोणता बोर्ड हें ठरवून खांचेवर रंगाचा ठिपका दिला व नियमांत अनुक्रमांकाऐवजीं खांचेची जागा लिहिली. ही युक्ति अनुक्रमांकाइतकी पक्की नाहीं. ठिपक्याची शिस्त मोडली कीं उष्णतेच्या रकान्यांत ओलावा पडेल. म्हणून ती शिस्त पाळण्याचें काम आठवीच्या वर्गाकडे सोंपविलें आहे.

आणखी तीन सूचना करून हा विषय आटोपतों. परवानगीच्या बाबतींत आळस करूं नये. बोर्ड उघडत नाहीं म्हणून 'सर्वांस सर्व मुभा' असा नियम लिहिणें म्हणजे किल्ली हरवली म्हणून दारच काढून ठेवणें होय. योग्य त्या गटास मुभा द्यावी व विद्यार्थ्यास त्या गटांत घ्यावें. दुसरें असें कीं, उपकरण येतांच एखादें काम आपोआप सुरू करण्याची सोय नियमांत आहे, पण ती क्षणाच्या कामासाठीं. लांबणारें काम तेथें सुरू केल्यास युडेव्ह तें मध्येंच बंद पाडतो. तशा कामास सिस्टिमडीची वेगळी व्यवस्था वापरावी. तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. नवें नांव दिल्यानें जुनें नांव नाहींसें होत नाहीं. एसडीबी पुसण्याची आज्ञा दिली तर संगणक आजहि ती पाळील. नांव केवळ देऊन भागत नाहीं. त्याच नांवानें हांक मारण्याची संवय लावून घ्यावी लागते.

युडेव्ह ओळख पटवितो, राखण करीत नाहीं. उत्तम नांव दिलेली डिस्कहि एके दिवशीं बिघडेलच. म्हणून आतां छायाचित्रांच्या दोन प्रती ठेविल्या आहेत, आणि दुसरी प्रत कचेरीबाहेर असते. पालकांनींहि घरच्या छायाचित्रांविषयीं हाच विचार करावा, अशी आमची विनंति आहे.

विद्यार्थीमित्रहो, संगणकाचें शास्त्र नित्य बदलत राहील. आज्ञांचीं नांवेंहि बदलतील. परंतु वस्तूस ती कितवी आली यावरून ओळखूं नये, ती कोण आहे हें तिलाच विचारून घ्यावें, हा धडा जुना होणार नाहीं. आम्हीं तो फार मोल देऊन घेतला. शिपाईमामांच्या समारंभाचें एखादें चित्र जर कोणाच्या फोनमध्यें अजून असेल, तर तें कृपा करून कचेरींत आणून द्यावें. त्यासाठीं छायाचित्र-भांडारांत जागा राखून ठेविली आहे.